उन्हाळी परीक्षा, हिवाळी परीक्षा: चांदा-गडचिरोलीच्या जंगलातले कॉलेजचे वर्ष

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत कॉलेजचे वर्ष दोन परीक्षांवर मोजले जाते: उन्हाळी आणि हिवाळी. ही नावे नागपूर विद्यापीठाच्या कारभारातून आली. वेळापत्रकावर आणि गुणपत्रिकेवर ती छापली जातात, आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘समर’ नि ‘विंटर’ होऊन कायमची रुळली आहेत. बी.ए. कधी झाले असे विचारले तर अनेक जण नुसते साल सांगत नाहीत, ‘समर अठ्ठ्याण्णव’ असे सांगतात. राज्यात इतर अनेक ठिकाणी परीक्षेला सत्राचे किंवा महिन्याचे नाव असते. इथे ऋतूचे आहे, आणि या मुलखात ते शोभते, कारण इथल्या विद्यार्थ्याला परीक्षेआधी ऋतूशीच सामना करावा लागतो.

उन्हाळी परीक्षा मार्चमध्ये सुरू होऊन मेपर्यंत लांबते. त्या दिवसांत चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही गावे देशातील सर्वांत तापलेल्या ठिकाणांच्या यादीत वरच्या जागी असतात. पारा 46-47 अंशांवर जातो. डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून परीक्षा केंद्र गाठण्याची रीत विदर्भात सर्वत्र आहे. पण जंगलपट्टीत उन्हाबरोबर आणखी एक गोष्ट येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल गळते. ते पहाटे वेचावे लागते. उन्हे वर आली की गुरे आणि रानजनावरे ते खाऊन टाकतात. त्यापाठोपाठ, साधारण मे महिन्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. घरातली सगळी माणसे अंधारात रानात जातात, पाने तोडतात, दुपारी घरी बसून 70-70 पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतात. हंगाम अवघ्या दोन-तीन आठवड्यांचा, पण त्यातून मिळणाऱ्या रोख पैशांवर अनेक घरांचे पुढचे वर्ष चालते. कॉलेजची फी, खोलीचे भाडे आणि पुस्तके यांचा खर्चही त्यातच असतो. म्हणजे ज्या पंधरवड्यात पेपर असतो, त्याच पंधरवड्यात पुढच्या वर्षीच्या फीची कमाई असते.

पावसाळ्यातही असेच होते. प्रवेशाचे फॉर्म भरायचे दिवस आणि धानाच्या रोवणीचे दिवस एकच. रोवणी आटोपून वर्गात यावे तर नद्या भरलेल्या. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले यांनी हे दोन जिल्हे विणलेले आहेत. भामरागडजवळ पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की पलीकडचा मुलूख तुटतो. दिवाळीनंतर हिवाळी परीक्षेच्या तोंडावर धानाची कापणी येते आणि भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि नाटकांचा काळ सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, आणि चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा. परीक्षेचे पंचांग बाहेर ठरत आले आणि जंगलाचे पंचांग इथे ठरलेलेच होते. या भागातल्या विद्यार्थ्याच्या वर्षाचा इतिहास म्हणजे या दोन पंचांगांची ओढाताण, आणि ती हसत सांगण्याची विद्यार्थ्यांची रीत.

परीक्षा प्रथम फार दुरून आली. 1854 मध्ये नागपूरचे भोसले राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख, त्यांच्या अमलाखाली गेला. 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि उच्च शिक्षणासाठी तो कलकत्ता विद्यापीठाच्या कक्षेत आला. त्या काळची विद्यापीठे शिकवत नसत. परीक्षा घेत आणि पदव्या देत. कलकत्त्याची पहिली बी.ए. परीक्षा 1858 मध्ये झाली. तीत दोघेच उत्तीर्ण झाले, आणि त्यांतले एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. दोघांनाही एका विषयात थोडे गुण कमी पडले होते. ते माफ करून त्यांना पदवी देण्यात आली. आज ज्याला विद्यार्थी ‘ग्रेस’ म्हणतात ती सवलत भारतातल्या पदवीइतकीच जुनी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नागपूरला कॉलेज उभे राहायला पुढची पंचवीस वर्षे लागली. तिथे 1883 मध्ये हिस्लॉप कॉलेज आणि 1885 मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झाले. ही कॉलेजे आधी कलकत्त्याला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. चांद्याच्या मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचे तर नागपूरच गाठावे लागे. रेल्वे 1867 मध्ये नागपूरला आली आणि वरोऱ्याच्या कोळशासाठी 1870 च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत फाटा टाकला गेला. वैनगंगेच्या काठची गावे गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट या छोट्या गाडीने पुढे जोडली गेली. त्यापलीकडे, आलापल्ली, अहेरी, सिरोंचा, एटापल्ली या भागात, बैलगाडी आणि पायवाट एवढेच साधन होते. आजही गडचिरोली जिल्ह्यात प्रवासी रेल्वे म्हणजे मुख्यतः वडसा हे एक स्थानक. अशा मुलखातून त्या काळी पदवीपर्यंत पोहोचणारे बहुधा वकिलांची, मालगुजारांची, सरकारी नोकरांची मुले होती. शाळेच्या पातळीवर चांद्याच्या ज्युबिली हायस्कूलचा दबदबा मोठा होता. जिल्ह्यातल्या अनेक पिढ्यांनी तिथून मॅट्रिक दिली.

4 ऑगस्ट 1923 रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि सर बिपिनकृष्ण बोस त्याचे पहिले कुलगुरू झाले. परीक्षेचे केंद्र अलाहाबादहून नागपूरला आले, एवढाच या घटनेचा अर्थ नाही. या विद्यापीठाने 1940 च्या दशकातच मराठी आणि हिंदी माध्यमांचा मार्ग धरला, तोही देशात फार थोड्या ठिकाणी असा विचार होत असताना. इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून मात्र राहिली, आणि खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या पदवीत सर्वांत मोठा अडसर तीच ठरली. पुढे कितीतरी वर्षे ‘सगळे निघाले, इंग्रजी राहिली’ हे वाक्य या जिल्ह्यांत घरोघरी ऐकू येत असे. इथे इंग्रजीची अडचण दुहेरी आहे, कारण अनेकांच्या बाबतीत मराठीसुद्धा शाळेत शिकलेली भाषा असते. घरात माडिया किंवा गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, चामोर्शी आणि मुलचेऱ्याच्या वसाहतींत, पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांत, बंगाली. वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली. पेपरमधली प्रमाण मराठी ही त्यांच्यासाठी दुसरी पायरी आणि इंग्रजी तिसरी.

परीक्षा जिल्ह्यात आली ती स्वातंत्र्यानंतर, कॉलेजांबरोबर. 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा घेतला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे त्याच्या आयोजनात पुढे होते. शिक्षणाकडे पाहण्याची या जिल्ह्याची दृष्टी त्या दिवसाने बदलली. ज्या वस्त्यांतून कोणी मॅट्रिकपर्यंत गेले नव्हते तिथून पदवीधर निघू लागले, आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुढे कॉलेजही उभे राहिले. दरवर्षी 15-16 ऑक्टोबरला तिथे भरणारा मेळा बहुतेक वेळा हिवाळी परीक्षेच्या तयारीच्या दिवसांतच येतो.

1950 आणि 60 च्या दशकांत शिक्षण संस्थांची एक लाट आली. चंद्रपूरचे जनता महाविद्यालय, ब्रह्मपुरीचे नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालय, आरमोरीचे महात्मा गांधी महाविद्यालय, राजुऱ्याचे श्री शिवाजी महाविद्यालय अशी नावे या आणि नंतरच्या काळातली. 1970 मध्ये शांताराम पोटदुखे यांच्या पुढाकाराने सर्वोदय शिक्षण मंडळाचे सरदार पटेल महाविद्यालय चंद्रपुरात निघाले. यांत एका संस्थेची कहाणी वेगळी सांगायला हवी. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनात 1964 मध्ये आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले. ते उभारले कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांच्या हातांनी. ज्यांना गावाने बाहेर काढले होते त्यांनी त्याच गावांच्या मुलांसाठी वर्ग बांधून दिले. परीक्षेला भिणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याने बसावे अशी ही वास्तू आहे.

या कॉलेजांमुळे शिकणे जवळ आले, तरी निकाल नागपूरहूनच येत असे. त्या काळची रचना अशी: अकरावीला मॅट्रिक, मग एक वर्ष प्री-युनिव्हर्सिटी आणि नंतर तीन वर्षांची पदवी, पार्ट वन, पार्ट टू आणि फायनल. 1975 मध्ये दहावीची आणि 1977 मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाल्यावर दहा-दोन-तीन ही चौकट आली, पण पदवीची तीन वर्षे तीच राहिली. सगळे वर्ष एका परीक्षेवर अवलंबून असे. तीन तासांत पाच मोठे प्रश्न, आणि त्या तीन तासांत जून ते फेब्रुवारी सगळे यायला हवे. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा करायची तर ती परीक्षेची करा, असे म्हटले होते. ते सांगणे पोथीतच राहिले आणि वार्षिक परीक्षा आणखी साठ वर्षे चालली.

त्या पद्धतीने विद्यार्थ्याचे जीवन घडवले. वर्षभर कॉलेज म्हणजे एसटीचा पास, कट्टा, एनसीसीची परेड, एनएसएसचे शिबिर आणि ग्रंथालयातल्या एकुलत्या एका प्रतीसाठी लावलेला नंबर. जानेवारी संपला की हवा बदले. गावाकडची मुले चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली अशा ठिकाणी ‘रूम करून’ राहत. चौघा-पाचांत एक खोली, एक स्टोव्ह, आणि घरून आणलेले तांदळाचे पोते. हा धानाचा मुलूख असल्यामुळे परीक्षेपर्यंत भात तरी कमी पडत नसे. ज्यांना रूम परवडत नसे ते आदिवासी किंवा मागासवर्गीय मुलांच्या शासकीय वसतिगृहात राहत, आणि तिथेही जागा नसली तर गावच्या मुक्कामी बसवर सारी भिस्त. संध्याकाळी गावात येऊन थांबणारी आणि पहाटे परत निघणारी ही बस चुकली तर पेपर चुकला. आदल्या रात्री कंडक्टरला सांगून ठेवणे हा तयारीचाच भाग होता.

अभ्यासाची स्वतःची भाषा आणि रीतिभाती होत्या. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवायच्या, त्यांतून कोणता प्रश्न कधी आला याची यादी करायची आणि ‘आयएमपी’ ठरवायचे. एखाद्या हुशार सिनिअरच्या हस्तलिखित नोट्स तीन-तीन वर्षे हातोहात फिरत. झेरॉक्स यंत्रे तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत त्या वहीतून वहीत उतरवल्या जात. गाईड हे कॉलेजच्या पुस्तकाहून जास्त खपत असे. पेपरला निघताना आई हातावर दही-साखर ठेवी. चंद्रपुरात आधी महाकालीचे दर्शन घेऊन केंद्रावर जाणारे खूप. उत्तरपत्रिका भरली की पुरवणी मागायची. जास्त पुरवण्या लावणाऱ्याकडे बाकीचे धसक्याने पाहत, मग त्यात काहीही असो. कॉपीचा रोगही होता, आणि तो फक्त याच जिल्ह्यांत नव्हता. त्याला आळा घालण्यासाठी राज्याने 1982 मध्ये परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला आणि भरारी पथक हा शब्द प्रत्येक केंद्रावर धास्तीचा झाला.

निकालाचा दिवस आणखी लांबचा होता. विद्यापीठाची छापील निकालपत्रके कॉलेजात येत आणि कारकून ती फळ्यावर डकवी. वर्तमानपत्रात नंबर छापून येत, पण नागपूरचे वर्तमानपत्र सिरोंच्यासारख्या ठिकाणी उशिरा पोहोचे. सिरोंच्याहून नागपूर जवळजवळ 400 किलोमीटर आहे. गुणपत्रिकेत चूक झाली, निकाल राखून ठेवला गेला किंवा पुनर्मूल्यांकन हवे असले, तर एका कागदासाठी जाऊन-येऊन दोन-तीन दिवस आणि एका हंगामाची कमाई जाई. या पद्धतीतला सर्वांत मोठा अन्याय नापासांवर नव्हता, तो या अंतराचा होता. शहरातल्या मुलाला विद्यापीठ म्हणजे एक इमारत. इथल्या मुलाला ते एक प्रवास होते. 1999 मध्ये नागपूर विद्यापीठात पुनर्मूल्यांकनात गुण वाढवून देण्याचे प्रकरण उघडकीस आले. त्याची झळ प्रामाणिकपणे पास झालेल्यांनाही लागली, कारण त्यांची पदवी दाखवताना पुढचा माणूस क्षणभर थांबू लागला.

या कष्टांच्या गोष्टी विद्यार्थ्यांनी रडत सांगितल्या नाहीत. त्या हसत सांगण्यासाठी कॉलेजने त्यांना दोन जागा दिल्या: स्नेहसंमेलन आणि वार्षिकांक. ‘गॅदरिंग’ साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत होई, परीक्षेची छाया पडण्यापूर्वी. त्यात फिशपाँडचा कार्यक्रम सर्वांत गर्दीचा. कोणी लिहिले ते न सांगता टाकलेल्या चिठ्ठ्या मंचावरून वाचल्या जात आणि ज्याला उद्देशून चिठ्ठी असेल त्याने उभे राहून ती ऐकून घ्यायची. तीन वेळा इंग्रजीत अडकलेला विद्यार्थी, पहिल्या बाकावर झोपणारा विद्यार्थी, वर्षभर न दिसता पेपरला उगवणारा विद्यार्थी, हे तिथले ठरलेले नायक. त्यात कधी बोचणारे, मुलींना अवघडवणारेही असे, आणि त्यामुळे अनेक ठिकाणी हा प्रकार बंद झाला. तो बंद होणे योग्यच होते.

वार्षिकांकाची परंपरा जास्त टिकाऊ ठरली. प्राचार्यांचे मनोगत, विद्यार्थी प्रतिनिधींची छायाचित्रे, गुणवंतांची यादी, क्रीडा आणि एनएसएसचे अहवाल, मग मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग, ही त्याची बांधणी सगळ्या महाराष्ट्रात एकच आहे. मराठी विभागात गंभीर कवितांच्या रांगेत एक-दोन लेख हमखास हलके असतात, आणि त्यांचा विषय बहुधा एकच: सरलेले वर्ष आणि येणारी परीक्षा. या लेखाचा साचा ठरलेला आहे. जूनमध्ये नव्या वहीवर नाव घालून केलेला निश्चय. गणपती-दिवाळीपर्यंत ढकललेला अभ्यास. जानेवारीत भिंतीवर चिकटवलेले वेळापत्रक. परीक्षेच्या आदल्या रात्री एकदम उघडलेले पुस्तक. आणि पेपर हातात पडल्यावर न वाचलेल्या प्रकरणावर आलेला पहिला प्रश्न. वर्षभराची चूक आपलीच, हे लेखक मोकळेपणाने मान्य करतो आणि वाचणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसतो.

या लिखाणामागे मराठीतली जुनी परंपरा उभी आहे. मराठी विनोदी लेखनाचे आद्य प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म 1871 मध्ये नागपूरचा आणि त्यांचे आयुष्य मुख्यतः विदर्भात गेले. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी 1919 मध्ये सावनेरला देह ठेवला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बिगरी ते मॅट्रिक’ने शाळा आणि परीक्षा यांना मराठी विनोदात कायमचे स्थान दिले, आणि त्यानंतर कॉलेजच्या वार्षिकांकांत त्याची सावली दिसू लागली. पण जंगलपट्टीतल्या हलक्या लेखाचे बळ उसन्या शैलीत नसते. ते सामग्रीत असते: मुक्कामी बस, रोवणीचा चिखल, वाहून गेलेला रपटा, रूममधला भात, आणि नाटक.

नाटकाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण या भागातल्या विद्यार्थ्याच्या वर्षात त्याचा वाटा परीक्षेएवढाच आहे. झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांचा धानाचा पट्टा. तिथली व्यावसायिक रंगभूमी दिवाळीनंतर सुरू होते आणि होळीच्या आसपास थांबते. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचे केंद्र; मंडळ्यांच्या कचेऱ्या आणि नाटकांच्या तारखांचे व्यवहार तिथेच चालतात. गावात मंडई भरते, दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा दंडार (लोकनाट्य) होते, आणि रात्री नऊ-दहाला उघड्या शेतात उभारलेल्या मंडपात नाटक सुरू होऊन ते पहाटेपर्यंत चालते. पाहुणे घरोघर येतात. कॉलेजातल्या मुलाने त्या रात्री खोलीत बसून अर्थशास्त्र वाचावे, ही अपेक्षा गावात कोणीच करत नाही. गेल्या काही दशकांत याच विद्यार्थ्यांमधून लेखक, नट आणि गायक झाडीपट्टीला मिळाले. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पेपर बाजूला ठेवून रात्रभर मंडपात बसलेल्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांना आपल्या त्या रात्री सार्थकी लागल्याचे समाधान झाले असेल. एक गोष्ट स्पष्ट आहे: जे शिक्षण या माणसांनी नाटकातून घेतले, त्याची गुणपत्रिका विद्यापीठाने कधी दिली नाही.

दक्षिण गडचिरोलीत कहाणी उशिरा सुरू झाली. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना उभा केला, आणि 1976 मध्ये आश्रमशाळा निघाली. माडिया मुलांना शाळेत टिकवणे हेच पहिले आव्हान होते. मुले रात्री उठून पायी घरी जात. परीक्षा ही कल्पनाच त्या समाजाला परकी होती. जंगलात माणसाची पारख रोजच्या कामात होते, तिला वेगळा दिवस नसतो. त्याच शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक आणि पोलीस झाले. त्यांच्या आईवडिलांनी पहिली प्रश्नपत्रिका पाहिली ती मुलाच्या हातात.

26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि प्रशासन जवळ आले. विद्यापीठ जवळ यायला आणखी 29 वर्षे लागली. नागपूर विद्यापीठाला 2005 मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले, आणि 27 सप्टेंबर 2011 च्या अधिसूचनेने त्याच्यातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे होऊन गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. 2 ऑक्टोबर 2011 पासून गडचिरोलीतून त्याचे काम सुरू झाले. या भागावर शतकानुशतके राज्य करणाऱ्या गोंड राजांच्या प्रदेशाचे नाव प्रथमच पदवीवर आले. भामरागडच्या विद्यार्थ्याला निकालाच्या दुरुस्तीसाठी आता आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जाता येते. कलकत्ता, अलाहाबाद, नागपूर, गडचिरोली: परीक्षेने हा प्रवास दीडशे वर्षांत केला.

त्यानंतरच्या दशकात वार्षिक पद्धत जाऊन सत्र पद्धत आली. उन्हाळी आणि हिवाळी ही नावे टिकली, पण त्यांचा अर्थ बदलला. पूर्वी हिवाळी परीक्षा ही प्रामुख्याने राहिलेल्यांची. आता ती प्रत्येकाचीच. वर्षातून एकदा येणारे संकट दोनदा येऊ लागले आणि प्रत्येक वेळी ते लहान झाले. गॅदरिंगला, शिबिराला, नाटकाला पूर्वी जी ऐसपैस जागा होती ती आक्रसली. अंतर्गत गुण, प्रकल्प, प्रात्यक्षिक यांनी विद्यार्थी वर्षभर गुंतलेला राहतो. सत्र पद्धतीने नापासांचे वर्ष वाचले हे खरे, आणि ते मोठे काम आहे. पण तिने विद्यार्थ्यांच्या हातातला रिकामा वेळ घेतला, आणि वार्षिकांकातले हलके लेखन त्याच वेळेवर पोसले गेले होते. 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाल्याने श्रेयांकांची मोजदाद आणखी वाढली आहे.

2020 चे वर्ष या इतिहासात वेगळे पडते. टाळेबंदीत परीक्षा थांबल्या. 28 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही असा निर्णय दिला, आणि राज्यातल्या विद्यापीठांनी त्या शरद ऋतूत बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा घेतल्या, बहुतांश ऑनलाइन. त्याच ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर येऊन ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडची गावे पाण्याखाली गेली होती. जिथे मोबाइलचा टॉवरच नाही तिथल्या विद्यार्थ्याला परीक्षेसाठी टेकडीवर किंवा दुसऱ्या गावी जावे लागले. विद्यापीठ गडचिरोलीत येऊनही अंतर संपलेले नाही, ते रस्त्यावरून नेटवर्कवर सरकले आहे, हे त्या परीक्षेने दाखवले.

पदवी झाली की इथे दुसरी परीक्षा सुरू होते: पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, एमपीएससी. पहाटे रस्त्यावर धावणारी आणि नंतर अभ्यासिकेत बसणारी मुले-मुली आज प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसतात. गडचिरोली पोलिसांनी ‘एक गाव, एक वाचनालय’ या उपक्रमातून दुर्गम गावांत वाचनालये काढली, आणि गोंडवाना विद्यापीठाने ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या उपक्रमातून पदवीचे वर्ग खेड्यात नेले. दिवसभर शेतावर किंवा रानात कामाला जाणाऱ्यांना ते सोयीचे आहेत. मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामाशी वेळापत्रकाने जुळवून घ्यावे, हा विचार इथे काही प्रमाणात प्रत्यक्षात उतरतो आहे. तो सर्व परीक्षांपर्यंत जायला हवा.

विद्यार्थ्यांच्या या दीडशे वर्षांच्या जगण्याची नोंद सरकारी कागदांत फारशी नाही. तिथे उत्तीर्णांची संख्या मिळेल. मुक्कामी बस, रूममधला भात आणि इंग्रजी निघाल्याचा आनंद मिळणार नाही. तो मिळतो फक्त कॉलेजांच्या वार्षिकांकांत, आणि जुने अंक अनेक ठिकाणी कपाटात वाळवीच्या तोंडी आहेत किंवा रद्दीत गेले आहेत. चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, आरमोरी, राजुरा, अहेरी इथल्या कॉलेजांनी आपले जुने अंक शोधून गोंडवाना विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे द्यावेत आणि विद्यापीठाने त्यांची छायाप्रत करून ठेवावी. ज्यांच्या घरी एखादा जुना अंक पडून आहे, त्यांनी तो आपल्या कॉलेजकडे पोहोचवावा.